भाजलेलं ग्राफिक्स कार्ड काही आठवड्यांत पुन्हा का जातं?

ग्राफिक्स कार्ड बिघडलं की लक्षणं साधारण सारखीच असतात. बायोसच्या (पीसी चालू होताना सर्वांत आधी येणाऱ्या) स्क्रीनवरच उभे रंगीत पट्टे दिसतात, अक्षरांच्या मध्ये भलतीच चिन्हं घुसतात, विंडोजचा लोगो येतो आणि पुढे काळोख. सेफ मोडमध्ये पीसी चालतो, पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे बिघाड दिसल्याने विंडोजने कार्ड थांबवलं. मग कोणीतरी सांगतं की कार्ड ओव्हनमध्ये १९६ अंशांवर आठ-दहा मिनिटं भाज. भाजलं, लावलं आणि खरंच चालू झालं. घरात जल्लोष. काही आठवडे गेम चालतो आणि एका संध्याकाळी तेच पट्टे परत. पुन्हा भाजलं तर यावेळी आठवडाभरच टिकतं, आणि तिसऱ्या खेपेला बहुधा काहीच होत नाही.

हे असं का होतं, तुमच्या कार्डाचा आजार खरंच भाजून बरा होण्यातला आहे का, आणि एवढं वाचूनही करायचंच असेल तर कमीत कमी नुकसानात कसं करायचं, ते इथे लिहितो. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र पुढचं काहीच करू नका. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून आधी तपासा. आपल्याकडे बऱ्याच कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि लोक बिल हरवलं म्हणून तिचा नाद सोडून देतात. अनेक कंपन्या सिरियल नंबरवरून तारीख काढतात. तापवलेलं कार्ड मात्र कोणीच घेत नाही. बोर्डाचा बदललेला रंग आणि करपलेले स्टिकर सगळं सांगून टाकतात.

ओव्हनमध्ये नेमकं काय होतं

सगळीकडे सांगितलं जाणारं कारण असं: चिपखालचं सोल्डर (भाग बोर्डाला जोडणारा, वितळवून लावलेला धातू) तडकलेलं असतं, ओव्हनमध्ये ते वितळतं आणि पुन्हा जुळतं. ऐकायला पटतं, पण आकडे जुळत नाहीत. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालातल्या शिशावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी बिनशिशाचं सोल्डर धरलं. त्यातलं सर्वांत प्रचलित मिश्रण म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. ते वितळायला लागतं २१७ अंशांना. कारखान्यातल्या रिफ्लो भट्टीत, म्हणजे सोल्डर वितळवून भाग जोडणाऱ्या भट्टीत, बोर्ड २३५ ते २५० अंशांपर्यंत नेतात. तुम्ही १९६ ला थांबलात, म्हणजे सोल्डरचा एक थेंबही हलला नाही. हलला नाही तेच बरं झालं. खरंच वितळलं असतं तर बोर्डाच्या खालच्या अंगाचे जड भाग ओव्हनच्या ट्रेमध्ये पडले असते.

मग कार्ड चालू कसं झालं? त्यासाठी चिपची रचना समजून घ्यावी लागते. ग्राफिक्स चिप म्हणजे दोन मजले. वर सिलिकॉनचा चकचकीत तुकडा, ज्याला डाय म्हणतात. तो एका छोट्या हिरव्या पाटीवर बसवलेला असतो. ती पाटी मग मोठ्या बोर्डावर बसते. पाटी आणि बोर्ड यांच्यामध्ये जे सोल्डरचे गोळे असतात ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे. हेच ते बीजीएचे (गोळ्यांवर बसवलेल्या चिपचे) बॉल. चिप उचलून हे बॉल बदलणं म्हणजे रिबॉलिंग. पण डाय आणि पाटी यांच्यामध्येही जोड असतात. त्यांना बंप म्हणतात आणि ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे. शेकडो, मोठ्या चिपमध्ये हजारो. त्यांच्या भोवती अंडरफिल नावाचा इपॉक्सी भरलेला असतो, ताण वाटून घ्यायला.

भानगड प्रसरणाची आहे. सिलिकॉन एक अंश तापलं की दहा लाखात तीनेक भाग वाढतं. खालची पाटी पंधरा-सोळा भाग वाढते. २० मिलिमीटर रुंद डाय धरा आणि गेम सुरू केल्यावर तापमान ६० अंशांनी चढलं असं धरा. मध्यापासून कडेपर्यंत दोघांमध्ये जवळजवळ ८ मायक्रॉनचा फरक पडतो. अंडरफिल कडक राहिला तर हा ताण सगळ्यांत वाटला जातो. तो गरम होऊन मऊ पडला तर सगळा भार कोपऱ्यातल्या बंपवर. रोज गेम, रोज बंद, रोज ताणणं आणि दाबणं. एक दिवस कोपऱ्यातला एखादा बंप चिरतो.

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला हे अगदी महागात पडलं होतं. २ जुलै २००८ रोजी कंपनीने जाहीर केलं की लॅपटॉपच्या काही चिपमध्ये डाय आणि पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत निघालं आहे आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहोत. ८४००एम, ८६००एम या चिपवाले लॅपटॉप त्या काळात पटापट गेले. एचपी, डेल, ॲपल सगळ्यांचे. अमेरिकेत सामूहिक दावा होऊन २०१० मध्ये तडजोड झाली. आज भाजण्याचे जे सल्ले फिरतात ते बरेचसे त्याच पिढीच्या लॅपटॉपवर आणि ८८०० जीटी, ८८०० जीटीएक्स यांसारख्या कार्डांवर जन्माला आले आहेत.

आता गंमत बघा. त्या काळातल्या बऱ्याच चिपमधले बंप ९५ टक्के शिशाच्या सोल्डरचे होते. युरोपच्या नियमात चिपच्या आतल्या या जोडांना मुद्दाम सूट होती. हे मिश्रण वितळतं ३०० अंशांच्या वर. म्हणजे ज्या जोडाला खरी चीर गेली आहे तो ओव्हनमध्येच काय, रिबॉलिंगच्या मशिनवरही वितळत नाही. उष्णतेने अंडरफिल मऊ होतो, सगळे थर फुगतात, चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकतात आणि वीज पुन्हा वाहायला लागते. जोड झालेला नसतो, फक्त टेकू लागलेला असतो. चार आठवडे गेम खेळून तापमान खालीवर झालं की कडा परत सुटतात. चिरेच्या कडांवर तोवर गंज चढत असतो, म्हणून पुढची प्रत्येक खेप आधीपेक्षा कमी टिकते.

माझं म्हणणं एवढंच आहे: बंप गेले असतील तर घरी किंवा दुकानात कसलीही उष्णता देऊन कार्ड दुरुस्त होत नाही, थोडे दिवस उसने मिळतात. त्याला एकच औषध, चिप बदलणं. आणि बंप गेले नसतील तर भाजणं मुळातच चुकीचं औषध आहे.

भाजायच्या आधी

जी कार्डं भाजण्याच्या गोष्टी घेऊन लोक येतात, त्यांतल्या बऱ्याच कार्डांचा आजार दुसराच निघतो. तेव्हा क्रमाने जा.

कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या एचडीएमआयला लावा. चित्र स्वच्छ आलं तर मॉनिटर, केबल आणि बाकीचा पीसी सुटला. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, तिथे मित्राचं कार्ड लावून बघावं लागेल. हेही शक्य तर करा: तुमचं कार्ड मित्राच्या पीसीत. ही एक अदलाबदल केली की निम्मे प्रश्न मिटतात.

कार्डाचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच घासा आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत हे दात काळवंडतात, विशेषतः पावसाळ्यात महिनाभर बंद पडलेल्या पीसीत. हसण्यावारी नेऊ नका. स्लॉटमधली धूळही ब्लोअरने उडवा.

मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनच्यातून १५०. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, देतो तो किती हे देव जाणे. गेम सुरू असताना मल्टिमीटरने १२ व्होल्टची पिवळी वायर मोजा. ११.४ च्या खाली जात असेल तर दोष कार्डाचा धरूच नका. दोन आठ पिनचे कनेक्टर असतील तर एकाच केबलच्या दोन शेपट्या लावण्याऐवजी दोन वेगळ्या केबल लावा.

ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या साधनाने साफ काढून नवा टाका. विंडोजमध्ये चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर सिस्टीम ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. हे ड्रायव्हरमुळेही होतं आणि मरत्या चिपमुळेही. फरक ओळखायची खूण सोपी: बायोसच्या स्क्रीनवर पट्टे येत असतील तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही, कारण तो तेव्हा चालूच झालेला नसतो.

तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या साधनात बऱ्याच कार्डांचं चिपचं तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) वेगवेगळे दिसतात. दोघांत २५ अंशांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरला देणारा लेप) वाळली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. पेस्ट बदलून कार्ड सुधारलं तर वाचलात. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी असलेल्या कार्डांत, उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या ३०८० आणि ३०९० मध्ये, मेमरीचं तापमान वेगळं दिसतं आणि ते ११० ला जाऊन टेकत असेल तर मेमरीची उष्णता कूलरला देणारे पॅड बदला. ३०९० ला तर बोर्डाच्या मागच्या बाजूलाही मेमरी चिप आहेत, त्यांच्यावर बॅकप्लेटशिवाय दुसरं काही नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि अशी रात्रंदिवस तापलेली कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगाने आली. तुमचं कार्ड तेव्हाचं असेल तर आधी मेमरीवर संशय घ्या.

मेमरी की चिप?

इथे थोडं थांबणं फायद्याचं आहे, कारण मेमरी खरोखर दुरुस्त होते.

मेमरीचा दोष ठरावीक नक्षीत दिसतो. सारख्या अंतरावर ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, एकाच स्तंभातली चुकीची अक्षरं. मेमटेस्ट व्हल्कन हे मोफत साधन चालवा, नाहीतर ओसीसीटीमधली व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी. चुका लगेच आणि पुन्हा पुन्हा येत असतील तर मेमरी किंवा तिचे जोड. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनात मेमरीचा क्लॉक (वेग) दोन-तीनशे मेगाहर्ट्झने उतरवून चाचणी परत चालवा. चुका कमी झाल्या तर संशय पक्का. काही कार्डं तर एवढ्यावरच पुढे वर्षभर चालतात, आणि हा उपाय फुकट आहे, म्हणून भाजण्याच्या कितीतरी आधी हा करून बघावा.

आजची दोन-दोन किलोंची कार्डं स्लॉटमध्ये लोंबकळतात. त्यामुळे स्लॉटच्या जवळच्या मेमरी चिपचे बॉल तडकतात, कधी बोर्डाच्या कोपऱ्यालाच चीर जाते. असे बॉल साध्या बिनशिशाच्या सोल्डरचे असतात. नीट फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं रसायन) लावून हॉट एअरने (गरम हवेच्या गनने) चिप उचलून पुन्हा बसवली तर जोड खरा होतो आणि टिकतो. पण हे काम रिवर्कचा, म्हणजे चिप काढून-बसवण्याचा, सराव असलेल्या हाताचं आहे. ओव्हन सगळ्या बोर्डाला सारखा चटका देतो, आपल्याला हवी असते एकाच कोपऱ्यात बोटभर जागेवर उष्णता.

बंप गेले आहेत का, याची एक चाचणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते. कूलर काढा, डाय आयपीएने साफ करा, मल्टिमीटरची के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) डायच्या शेजारी कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवा. हॉट एअर लांबून धरून दोन-तीन मिनिटांत १२० अंशांपर्यंत हळूहळू न्या. थंड होऊ द्या, नवी पेस्ट लावून कार्ड सुरू करा. १२० ला बोर्डावरचं कोणतंच सोल्डर वितळण्याच्या जवळही जात नाही. तरी मेलेलं कार्ड उठून बसलं तर चीर बहुतेक चिपच्या आतच आहे. रिबॉलिंगचे पैसे वाचवा. दुकानदार ‘चिप रिबॉल करून देतो’ म्हणाला तरी नको म्हणा, कारण रिबॉल करतानाही चिप तापतेच. त्या तापण्यानेच ती थोडे दिवस चालते आणि श्रेय मात्र नव्या बॉलना मिळतं. ‘हीट मारून देतो, गॅरंटी नाही’ म्हणणारा त्या मानाने प्रामाणिक.

कार्ड लावल्यावर पंखाही फिरत नसेल, किंवा पीसी चालूच होत नसेल, तर भाजण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे बहुतेक एखादा मॉस्फेट (वीजपुरवठ्यातला इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा कपॅसिटर शॉर्ट असतो. १२ व्होल्टच्या लाइनचा रोध ग्राउंडशी मोजा, शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट. पण चिपच्या मुख्य व्होल्टेजच्या लाइनचा रोध मोजलात तर तो चांगल्या कार्डातही ओहमच्या काही दशांशांपासून दोन-चार ओहमइतकाच असतो. तो बघून ‘चिप शॉर्ट’ असं ठरवू नका.

तरीही भाजायचंच असेल तर

वॉरंटी संपलेली, कार्ड नवं घ्यायला परवडत नाही, हे कार्ड तसंही कचऱ्यातच जाणार, अशी परिस्थिती असेल तर समजू शकतो. त्यात आधी एक गोष्ट ठळक सांगतो: मायक्रोवेव्हमध्ये कार्ड ठेवू नका. आपल्या घरांत ओव्हन म्हटलं की बहुतेक वेळा मायक्रोवेव्हच असतो. कन्व्हेक्शनचं बटण दाबून चालेल असं वाटतं, पण एक चुकीचं बटण आणि आत तांब्याच्या पट्ट्यांवर ठिणग्या, मग आग. लागेल तो ओटीजी (कॉइलवर तापणारा साधा ओव्हन), तोही जुना, ज्यात यापुढे कोणी बिस्किटं करणार नाही असा. बोर्डाच्या फायबरमध्ये ज्वालारोधक म्हणून ब्रोमीनची संयुगं असतात, शिवाय फ्लक्सचे अवशेष, प्लास्टिकचा धूर, जुन्या कार्डात शिसं. हे अन्नाच्या भांड्यात नको. ओटीजी गॅलरीत ठेवा, मुलांना आणि मांजरांना लांब ठेवा, जाड पिनेच्या १५ अँपियरच्या सॉकेटलाच लावा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर पंधराशे वॅट ओढू नका.

कूलर, पंखा, बॅकप्लेट, पुढची लोखंडी पट्टी, सगळे पॅड, सगळे स्टिकर काढा. पेस्ट पुसा. द्रव भरलेले उभे गोल कपॅसिटर असतील तर त्यांच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन पदर गुंडाळा. ते १०५ अंशांसाठीच बनवलेले असतात, फुगू शकतात, क्वचित फुटतात. डीव्हीआयचं प्लास्टिकही झाका. फॉइलच्या चार घट्ट गोळ्यांवर कार्ड आडवं ठेवा, चिप वर. गोळ्या स्क्रूच्या भोकांखाली येतील अशा, म्हणजे कुठल्या भागावर भार पडणार नाही आणि बोर्ड मधून वाकणार नाही.

ओटीजीच्या बटणावरचे आकडे सुमार असतात. कॉइल लाल झाली की वीस-तीस अंश जास्त सहज जातात. थर्मोकपल बोर्डाला लावूनच काम करा, नाहीतर करूच नका. आधी १०० ते ११० अंशांवर दोन तास ठेवा. बोर्डाने आणि चिपने हवेतला ओलावा धरलेला असतो. तो एकदम तापला की वाफ होते आणि चिपचे थर आतून उकलतात. पावसाळ्यात तर हा टप्पा अजिबात गाळू नका.

मग पुढे. सगळे १९६ म्हणतात. माझ्या मते त्याची गरज नाही. सोल्डर वितळवायचं नाहीच आहे, तर १४० ते १५० अंशांवर दहा मिनिटं पुरतात, आणि कपॅसिटर, कनेक्टर, बोर्ड यांचं आयुष्य तेवढं वाचतं. त्याने चालू झालं नाही तर १९६ ने होण्याचीही आशा फार नाही. वेळ झाली की बंद करा, दार बोटभर उघडा आणि कार्ड पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. काय झालं ते बघायची घाई होते, पण गरम कार्डाला बसलेला धक्काच पुढे त्रास देतो.

नवी पेस्ट, योग्य जाडीचे नवे पॅड. अर्धा मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड टाकला तर कूलर डायवर टेकत नाही आणि पहिल्याच मिनिटात चिप भलतीच तापते.

चालू झालं तर

उसने मिळालेले दिवस लांबवायचे असतील तर चिपचं तापमान एकसारखं ठेवायचं. बंपना कमाल आकड्यापेक्षा तापमानाचा चढउतार जास्त मारतो. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेमला सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला, पंख्याचा वक्र असा लावा की गेममध्येही ६५ च्या पुढे जाणार नाही. दिवसातून दहा वेळा चालू-बंद करण्यापेक्षा एकदाच चालू करा. लॅपटॉप असेल तर चालू झाल्या झाल्या डेटाची नक्कल घ्या. खरं तर त्यासाठी भाजायचीही गरज नसते, डिस्क काढता येत असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या पीसीला लावली की झालं. लॅपटॉपचा अख्खा मदरबोर्ड तर ओव्हनमध्ये कधीच घालू नका, त्यावरचे रिबनचे कनेक्टर सगळ्यांत आधी वितळतात.

दुसऱ्यांदा पट्टे आले की पुन्हा भाजू नका. कूलर आणि पंखे काढून ठेवा, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कार्डाला लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास चिपचं काम करणाऱ्यांकडे विचारा. मेमरी चिप धड असतील तर ते कार्ड डोनर म्हणून घेतात आणि त्या चिप दुसऱ्या कुणाच्या कार्डावर बसतात. विचारताना मात्र किती वेळा भाजलं आहे ते सांगा, कारण त्याच चिप त्यांना पुन्हा तापवायच्या असतात.